अकरावीचे भौतिकशास्त्र कोणत्या पातळीवर शिकावे? कोल्हापुरातील विद्यार्थी आणि पालकांसाठी

जून महिन्यात आमच्या स्टाफरूमच्या दाराशी पालक येतात, हातात दहावीचे गुणपत्रक असते आणि प्रश्न बहुधा एकच असतो: "सर, पोराला बोर्डाचं फिजिक्स पुरे होईल, की सीईटीचं घ्यावं, की जेईईचं?" (सीईटी ही राज्याची, तर जेईई ही देशपातळीवरची अभियांत्रिकी प्रवेश परीक्षा.) कोल्हापुरात २१ वर्षे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न योग्य आहे, पण तो फार उशिरा विचारला जातो. तोपर्यंत राजारामपुरीतल्या किंवा ताराबाई पार्कातल्या एखाद्या क्लासचा पहिला हप्ता भरून झालेला असतो आणि मग भरलेल्या फीला शोभेल अशी पातळी मुलाच्या माथी मारली जाते. क्रम याच्या उलट हवा. फी भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने प्रत्येक पातळीचा एक तरी प्रश्न स्वतः सोडवून पाहावा आणि रोज स्वतःच्या अभ्यासाला किती वेळ उरणार आहे, तो कागदावर मोजावा. ही दोन कामे प्रामाणिकपणे केली तर निवड करणे पुष्कळ सोपे होते.

समोर नेमके काय आहे

राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत भौतिकशास्त्राची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक परीक्षा ३० गुणांची असते. लेखी परीक्षेत व्याख्या, सूत्रांच्या सिद्धता, आकृत्या आणि छोटी उदाहरणे विचारली जातात आणि पर्यायही मिळतात. दोन गुणांच्या १२ प्रश्नांपैकी ८, तीन गुणांच्या १२ पैकी ८ आणि चार गुणांच्या ५ पैकी ३ प्रश्न सोडवायचे असतात. नीट मांडून, पायऱ्या न गाळता लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ही परीक्षा न्याय देते.

एमएचटी-सीईटीमध्ये भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि सुमारे २० टक्के भाग अकरावीचा, तर ८० टक्के बारावीचा असतो. "सीईटी सोपी असते" हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते, म्हणून एक साधा हिशेब मांडतो. भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात. जेईई मेनमध्ये तिन्ही विषयांचे मिळून ७५ प्रश्न तीन तासांत असतात, म्हणजे प्रश्नाला जवळजवळ अडीच मिनिटे, परंतु तेथे बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ गुण वजा होतो. सीईटी वेगाची परीक्षा घेते, जेईई मेन विचाराची आणि संयमाची. एकीत उत्तम करणारा विद्यार्थी दुसरीत अडखळलेला मी अनेकदा पाहिला आहे.

जेईई मेनमधून सुमारे अडीच लाख विद्यार्थी आयआयटी प्रवेशाच्या अॅडव्हान्स्डसाठी पात्र ठरतात. तेथे एकाच दिवशी तीन-तीन तासांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात आणि एका प्रश्नात दोन-तीन प्रकरणे एकत्र गुंफलेली असतात. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटमध्ये एकूण १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात, त्यांपैकी भौतिकशास्त्राचे ४५ प्रश्न १८० गुणांचे. "गणित सोडून जीवशास्त्र घेतले म्हणजे फिजिक्सचे ओझे उतरले" असे समजणाऱ्या घरांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा, कारण डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलाचेही एक चतुर्थांश भवितव्य याच विषयात अडकलेले असते.

जेईई निवडली तरी बोर्ड सुटत नाही. एनआयटीसारख्या केंद्रीय अभियांत्रिकी संस्थांत प्रवेशासाठी बारावीला ७५ टक्के गुण, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ६५ टक्के, किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये स्थान आवश्यक असते. या अटी आणि परीक्षांचे स्वरूप अधूनमधून बदलते, म्हणून त्या-त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका विद्यार्थ्याने स्वतः वाचावी. क्लासच्या पत्रकावर विसंबून राहू नये.

एकाच विषयावरचे चार प्रश्न

आता मुख्य काम. पुढील चार प्रश्न मुक्त पतनावरचे आहेत आणि दहावी झालेल्या मुलाला लागणारी सर्व सूत्रे माहीत असतात. एका सुट्टीच्या सकाळी विद्यार्थ्याने कोरे कागद घेऊन बसावे, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि गुरुत्व त्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरावे. पालकांनी शेजारी बसू नये.

पहिला प्रश्न बोर्डाच्या धाटणीचा आहे. मुक्त पतन म्हणजे काय ते लिहा आणि सरळ वर फेकलेला चेंडू ५ मीटर उंचीपर्यंत पोहोचला असेल, तर त्याचा सुरुवातीचा वेग काढा. उत्तर १० मीटर प्रति सेकंद येते. येथे उत्तराइतकीच मांडणी पाहावी: दिलेल्या राशी लिहिल्या आहेत का, सूत्र लिहिले आहे का, एकक लिहिले आहे का.

दुसरा सीईटीच्या धाटणीचा. २० मीटर प्रति सेकंद वेगाने वर फेकलेल्या चेंडूने पहिल्या आणि दुसऱ्या सेकंदात कापलेल्या अंतरांचे गुणोत्तर किती? पहिल्या सेकंदात १५ मीटर, दुसऱ्यात ५ मीटर, म्हणून ३:१. हा प्रश्न घड्याळ लावून सोडवावा. उत्तर बरोबर आले पण तीन मिनिटे लागली, तर पाया ठीक आहे आणि सराव कमी आहे, एवढेच त्यातून समजते.

तिसरा जेईई मेनच्या धाटणीचा. पाण्याच्या उंच टाकीच्या माथ्यावरून सोडलेला दगड शेवटच्या एका सेकंदात एकूण उंचीच्या ९/२५ इतके अंतर कापतो, तर टाकीची उंची किती? येथे एकूण वेळ अज्ञात मानून समीकरण मांडले की वर्गसमीकरण तयार होते आणि वेळेची दोन उत्तरे मिळतात, ५ सेकंद आणि ५/९ सेकंद. पाच सेकंद घेतले की उंची १२५ मीटर येते. हा प्रश्न मला फार आवडतो, कारण गणित संपते तेथे त्यातले भौतिकशास्त्र सुरू होते: ५/९ सेकंद हे उत्तर का टाकायचे? ज्या दगडाचा सगळा प्रवासच एका सेकंदाहून कमी वेळात संपला, त्याला "शेवटचा एक सेकंद" असणार कोठून? जो विद्यार्थी हे कारण स्वतःच्या शब्दांत सांगू शकतो, त्याच्यासाठी जेईई मेनचा रस्ता मोकळा आहे असे मी मानतो.

चौथा प्रश्न अॅडव्हान्स्डच्या वृत्तीचा आहे. एका उंचीवरून एक चेंडू सोडला आणि त्याच क्षणी बरोबर त्याच्याखालून, जमिनीवरून, दुसरा चेंडू सरळ वर फेकला. दोघे किती वेळाने भेटतील? दुसरा चेंडू वर जात असतानाच भेट व्हावी यासाठी त्याचा वेग किमान किती हवा? पहिल्या भागाचे उत्तर आश्चर्यकारकरीत्या साधे आहे: उंचीला फेकण्याच्या वेगाने भागावे. दुसऱ्या भागासाठी त्या वेगाचा वर्ग उंची आणि गुरुत्व त्वरण यांच्या गुणाकाराहून मोठा असावा लागतो.

काही वर्षांपूर्वी गारगोटीकडच्या एका मुलीला मी हा कागद दिला होता. दहावीला तिला ८४ टक्के होते आणि त्याच बाकावर ९७ टक्क्यांची मुले बसलेली होती. चौथा प्रश्न तिला वर्गात सुटला नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, दोघांवर गुरुत्व सारखंच आहे, मग मी ते काढूनच टाकलं. आता एक चेंडू थांबलाय आणि दुसरा त्याच वेगानं त्याच्याकडं चाललाय." सापेक्ष गतीचा धडा तिने तोपर्यंत वाचलेला नव्हता. त्या एका वाक्यात मला जे दिसले ते तिच्या गुणपत्रकात कोठेही नव्हते, म्हणूनच दहावीच्या टक्केवारीवरून भौतिकशास्त्राची पातळी ठरवू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

कागद तपासताना उत्तरांपेक्षा अडल्यावर काय झाले ते पाहावे. आकृती काढली का, दुसरी वाट धरली का, रात्री पुन्हा प्रश्न उघडला का. पहिले दोन प्रश्न नीट सुटले आणि तिसऱ्याला दहा मिनिटांत कागद बाजूला सरकला, तर बोर्ड आणि सीईटी ही त्या मुलासाठी आज योग्य जोडी आहे. तिसरा सुटला आणि चौथ्यासाठी मूल अर्धा-पाऊण तास आपणहून झटत राहिले, उत्तर आले नाही तरीही, तर त्याला जेईईची तयारी करू द्यावी.

गणिताची बाजू

भौतिकशास्त्रात मागे पडलेल्या मुलांपैकी पुष्कळांची अडचण प्रत्यक्षात गणिताची असते. राज्य मंडळाच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकातील दुसरे प्रकरणच गणिती पद्धतींचे आहे आणि त्यात सदिशांबरोबर विकलन-संकलनाची तोंडओळख येते, तीही गणिताच्या तासाला ते विषय सुरू होण्याआधी. जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्या मुलांना हे प्रकरण सर्वांत जड जाते, कारण त्यांना ते पुन्हा कोणी शिकवत नाही. निकाल आणि कॉलेज सुरू होणे यांमधल्या दिवसांत वर्गसमीकरणे, गुणोत्तरे, त्रिकोणमितीय गुणोत्तरे, घातांक आणि आलेखाचा चढ एवढ्या पाच गोष्टी पक्क्या केल्या तरी अकरावीचे पहिले सत्र हलके होते. लॉगॅरिथमची सारणी वापरण्याची सवयही याच वेळी लावावी, कारण राज्य मंडळाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो.

तासांचा हिशेब

आता दुसरा कागद घ्यावा. कागल, मुरगूड किंवा गारगोटीहून रोज एसटीने येणाऱ्या मुलाचा दिवस असा असतो: झोप ७ तास, कॉलेज ५, क्लास ४, प्रवास २, जेवण-अंघोळ-घरची कामे ३. ही बेरीज २१ होते. उरलेल्या तीन तासांत तीन मोठे विषय बसवायचे, म्हणजे भौतिकशास्त्राला एक तास मिळतो.

माझ्या अनुभवात बोर्ड आणि सीईटीसाठी रोजचा एक तास, तो खरोखर रोज मिळत असेल तर, पुरतो. नीटसाठी दीड तास लागतो. जेईई मेनला दोन तास स्वतः उदाहरणे सोडवण्यासाठी हवेत आणि अॅडव्हान्स्डसाठी त्याहून अधिक. यात क्लासमध्ये बसलेला वेळ मी मुद्दाम धरत नाही. फळ्यावर सरांनी सोडवलेले उदाहरण समजते, पण ते आपले झालेले नसते. दिवसाचा हिशेब जुळत नसेल, तर क्लासचे तास कमी करणे, शहरात वसतिगृहाची किंवा नातेवाइकांकडे राहण्याची सोय करणे, किंवा पातळी एक पायरी खाली घेणे, यांपैकी एक निर्णय आधीच घ्यावा. झोप कापून तास काढण्याचा निर्णय मात्र कोणीही घेऊ नये. अशी मुले फेब्रुवारीत आजारी पडतात.

राज्य मंडळ आणि सीबीएसई: क्रमाची अडचण

या बाबतीत पालक सहसा "सोपे कोणते" एवढेच विचारतात, तर खरी अडचण प्रकरणांच्या क्रमात असते. परिवलन गती, द्रव पदार्थांचे गुणधर्म, ऊष्मागतिकी आणि दोलने ही प्रकरणे सीबीएसईत वापरल्या जाणाऱ्या एनसीईआरटीच्या पुस्तकांत अकरावीला आहेत. राज्य मंडळाच्या पुस्तकांत ती बारावीला येतात. याउलट स्थिरविद्युत, प्रकाश आणि अर्धवाहक यांचा काही भाग राज्य मंडळ अकरावीतच शिकवते.

जेईई आणि नीटचे बहुतेक क्लास एनसीईआरटीच्या क्रमाने चालतात. परिणामी राज्य मंडळाच्या कॉलेजात शिकणारा मुलगा सकाळी स्थिरविद्युत शिकतो आणि संध्याकाळी परिवलन गतीतले मोमेंट ऑफ इनर्शिया, आणि दोन्हींच्या चाचण्या एकाच आठवड्यात देतो. हे अशक्य नाही, पण त्याची तयारी हवी. असा मार्ग निवडणाऱ्याने दोन्ही पाठ्यपुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवून प्रकरणांच्या जोड्या लावाव्यात आणि क्लासमध्ये अकरावीला झालेले जे प्रकरण कॉलेजमध्ये बारावीला येणार आहे, त्याच्या टिपणांची वेगळी वही जपून ठेवावी. सीबीएसईच्या मुलाला सीईटी द्यायची असेल तर त्याची अडचण उलटी असते. सीईटीचा ८० टक्के भाग राज्य मंडळाच्या बारावीचा असल्याने, परिवलन आणि दोलने यांसारखी त्याने दीड वर्षापूर्वी मागे टाकलेली प्रकरणे त्याला पुन्हा ताजी करावी लागतात. ज्याचे लक्ष्य सीईटी आहे, त्याने राज्य मंडळ निवडणे सोयीचे. जेईई किंवा नीट हेच मुख्य लक्ष्य असेल आणि शाळाही सीबीएसईची असेल, तर अकरावीत मंडळ बदलण्याचे मला काही कारण दिसत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी माध्यमाची धास्ती घेऊ नये. सीईटीचे भौतिकशास्त्र, जेईई मेन आणि नीट या परीक्षा मराठीतूनही देता येतात. अॅडव्हान्स्ड मात्र इंग्रजी आणि हिंदीतच असते. पहिल्या दोन महिन्यांत संवेग, त्वरण, जडत्व, बल अशा शब्दांसमोर त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द लिहून एक वही तयार केली, तर दिवाळीनंतर ती उघडावीही लागत नाही.

कॉलेज पाहायला जाताना प्रयोगशाळा पाहा

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात आणि पसंतीक्रम घरी बसून भरता येतो, त्यामुळे कॉलेज प्रत्यक्ष पाहण्याची पद्धत कमी झाली आहे. तरीही पसंतीक्रम भरण्याआधी एक फेरी मारावी आणि भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगावे. सोनोमीटरच्या तारा ताणलेल्या आहेत का, व्हर्निअर कॅलिपर किती आहेत, एका मीटर ब्रिजवर (तारेच्या साहाय्याने रोध मोजण्याच्या उपकरणावर) किती मुले उभी राहतात, अकरावीचे प्रात्यक्षिक कोणत्या महिन्यात सुरू होते, हे विचारण्यात काहीही गैर नाही.

हे लिहिण्यामागे एक खंत आहे. एका ठिकाणी मी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक म्हणून गेलो होतो. मुले हुशार होती, "इंटिग्रेटेड" व्यवस्थेत दिवसभर क्लासमध्ये बसणारी होती. मीटर ब्रिजवर ती जॉकी, म्हणजे तारेला टेकवायचे टोक, तारेवरून घासत नेत होती. जॉकी टेकवायची, गॅल्व्हानोमीटरचा काटा पाहायचा, उचलायची आणि पुढे टेकवायची, हे त्यांना कोणी हातात धरून दाखवलेले नव्हते; घासल्याने तारेची जाडी बदलते आणि सगळा प्रयोगच चुकतो, हेही सांगितलेले नव्हते. जर्नल पाहिले तर चाळीस जणांची निरीक्षणे दशांशापर्यंत सारखी. ३० गुण त्यांना मिळालेही असतील, पण काटा शून्यावर स्थिरावतो तेव्हा मेंदूत जे पक्के बसते ते त्यांना मिळाले नाही, आणि त्याच तत्त्वाच्या व्हीटस्टोन ब्रिजवरचा थोडा वेगळा प्रश्न आला की अशीच मुले सूत्र शोधत बसतात. ज्या व्यवस्थेत कॉलेजात पाऊल न टाकता हजेरी लागते, ती सोयीची वाटली तरी भौतिकशास्त्रासाठी मी तिची शिफारस करणार नाही.

इतर दोन वाटा

ज्या मुलाला चौथा प्रश्न सोडवताना भूक लागल्याचे भान राहत नाही, त्याच्यासमोर अभियांत्रिकी आणि वैद्यकीय यांखेरीज मूलभूत विज्ञानाची वाट ठेवावी. आयसर या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. भुवनेश्वरच्या नायसर या तशाच संस्थेसाठी नेस्ट ही वेगळी परीक्षा असते. अकरावी-बारावीतील मुलांना भौतिकशास्त्र ऑलिंपियाडची पहिली फेरीही देता येते आणि तिचे जुने प्रश्न जेईईच्या मुलांनाही उपयोगी पडतात. जयंत नारळीकरांचा जन्म १९३८ साली याच कोल्हापुरात झाला, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

ज्याचे हात यंत्रावर चालतात आणि उद्यमनगरातल्या लेथसमोर ज्याचे मन रमते, त्याच्यासाठी दहावीनंतरची तीन वर्षांची पदविका ही कमी प्रतीची वाट नाही. तेथून अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

फी आणि दिवाळीची तपासणी

क्लास लावायचा ठरल्यास संपूर्ण दोन वर्षांची रक्कम एकदम भरू नये. पातळी बदलायची झाली तर बॅच बदलता येईल का, मधेच सोडल्यास किती रक्कम परत मिळेल, भौतिकशास्त्र शिकवणारे शिक्षक तेच राहतील का, या तीन प्रश्नांची उत्तरे पावतीबरोबर लेखी घ्यावीत. निदान दोन तास वर्गात बसू द्यावे, अशी विनंती करावी आणि तेव्हा सर किती छान बोलतात यापेक्षा मुले किती प्रश्न विचारतात ते पाहावे.

पहिले सत्र संपले की दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा एकदा निर्णय तपासावा. तोवर शिकून झालेल्या प्रकरणांवरचे सीईटी आणि जेईई मेनचे जुने प्रश्न निवडून, वेळ लावून, दोन वेगवेगळ्या दिवशी सोडवावेत. जेईईच्या बॅचमधील मुलाला जेईईचे निम्मे प्रश्न समजतही नसतील आणि सीईटीचे मात्र चांगले सुटत असतील, तर तेव्हाच बॅच बदलावी. खाली येताना आधी केलेला अभ्यास वाया जात नाही. तोच सीईटीला बळ देतो. उलट दिशेने, सीईटीकडून जेईईकडे, बारावीच्या जूनमध्ये जाणे फार अवघड असते, म्हणून वर जायचे असेल तर तो निर्णय या दिवाळीनंतर लांबवू नये.

जूनमधला तो चार प्रश्नांचा कागद फेकून देऊ नये. दिवाळीत तेच प्रश्न नव्या कागदावर पुन्हा सोडवावेत, दोन्ही कागद शेजारी ठेवावेत आणि ते घेऊन विद्यार्थ्याने स्वतः, पालकांशिवाय, आपल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना भेटावे.